पूल तपासायला गेलो आणि जेवून आलो

मी जात्याच काळजीखोर. बाहेर पडताना कुलूप ओढून बघायचं, चार पायऱ्या उतरायच्या, परत वर जाऊन पुन्हा ओढायचं, ही माझी लग्नाआधीपासूनची रीत. अशा माणसानं पूल तपासण्याची नोकरी धरावी म्हणजे कमालच! पण ती काही मी हौसेनं धरली नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बायको नि लहानग्या पोरीला घेऊन मॅसॅच्युसेट्समध्ये आलो, श्रूजबरीला दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून जी पहिली कंपनी 'या' म्हणाली तिथं चिकटलो. ग्रीन कार्डाचे कागद त्याच कंपनीनं भरलेले. ते कार्ड हातात पडेपर्यंत साहेब सांगेल ते करायचं, आपली चूक होऊ द्यायची नाही, आणि झालीच तर दिसू द्यायची नाही. हे शेवटचं मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच शिकलो.

आमच्या कंपनीकडे व्हरमाँटच्या खेड्यापाड्यांतल्या पुलांचं काम होतं. दोघांनी जायचं, पूल खालून-वरून बघायचा, हातोडीनं ठोकायचा, फोटो काढायचे आणि फॉर्म भरायचा. फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असायचा: या पुलावरून किती टनांपर्यंतचं वाहन जाऊ द्यावं. त्यात आकडा लिहायचा आणि खाली सही. त्या सहीवर अख्खं गाव डोळे झाकून गाड्या घालणार.

माझं शिक्षण सगळं पुण्यात, काँक्रीट आणि पोलादाचं. लाकूड म्हणजे आमच्या लेखी सेंटरिंगच्या फळ्या. स्लॅब सेट झाला की काढून बाजूला रचायच्या. त्यामुळे एका ऑक्टोबरात साहेबानं फाइल पुढं सरकवली आणि 'कव्हर्ड ब्रिज आहे, लाकडी' म्हणाला, तेव्हा मला 'लाकडी' एवढंच ऐकू आलं. त्यात माझ्या जोडीचा माणूस फ्लूनं घरी. साहेब म्हणाला, छोटा पूल आहे, एकटा जाऊन ये. मी 'शुअर' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पूल पहिल्यांदा दिसला तेव्हा मात्र हसू आलं. नदीवर कुणीतरी गुरांचा लांबलचक गोठा आणून ठेवल्यासारखा! दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, वर उतरतं छप्पर, आत अंधार. तोंडाशी पाटी: घोडे चालवत न्या, पळवाल तर दंड. घोडे कधीच गेले होते, पण पाटीचा रंग ताजा होता. ती रंगवणारे गृहस्थ पलीकडच्या काठावरच्या घरातून माझ्याकडेच चालत येत होते. वय ऐंशीच्या घरात, पाठ सरळ, हात सुताराचे. हा पूल बांधला तेव्हापासून त्याची देखभाल त्यांच्या घराण्याकडे होती. गावानंच तसं ठरवून दिलेलं. आपल्याकडे एखाद्या घराकडे देवळाची पूजा असते ना, तसं. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणायला लागलो.

काकांनी मला दंडाला धरून पूल दाखवला. मधेच थांबून विचारलं, "सांग, हे छप्पर कुणासाठी?"

"माणसांसाठी. पाऊस लागू नये म्हणून."

"सगळे तेच म्हणतात!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "माणसाला पाऊस लागला तर काय वितळतो का तो? छप्पर लाकडासाठी. ओलं राहिलं तर लाकूड दहा-पंधरा वर्षांत कुजतं. कोरडं ठेवलंत तर पतवंडंही त्यावरून जातात."

भिंतींना खिडक्या नव्हत्या, कारण खालचं वाहतं पाणी दिसलं की गुरं बुजतात. आत दोन्ही अंगांना तिरक्या फळ्यांची जाळी, आणि फळी फळीला जोडलेली ओकच्या खुंट्यांनी. त्या जाळीत एकही लोखंडी खिळा नाही! आधीचा उघडा पूल पुरात गेला, म्हणून काकांच्या पणजोबांनी आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी हा बांधायला घेतला. खुंट्या अख्खा हिवाळाभर घराघरांत चुलीशी बसून तासल्या. काका लहान असताना पुन्हा मोठा पूर आला. तेव्हा त्यांच्या वडिलांनी पूल साखळदंडांनी काठावरच्या झाडांना बांधून ठेवला आणि पाणी उतरेपर्यंत तिथून हलले नाहीत. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, बर्फ पडलं की वडील फावड्यानं बाहेरचं बर्फ आत आणून पसरायचे. तेव्हा घोड्यांच्या घसरगाड्या असायच्या, त्या कोरड्या फळ्यांवर अडायच्या. "सगळं जग बर्फ बाहेर काढायचं," काका म्हणाले, "आणि आमचा बाप आत टाकायचा!"

मी ऐकत ऐकत ठोकत होतो. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं, एवढं मी आदल्या दिवशी पुस्तकात वाचलं होतं. सगळं खणखणीत वाजत होतं. पुलाची दोन्ही टोकं काठावरच्या दगडी बांधकामावर बसतात, आणि दगड नि पूल यांच्या मधे एक आडवा जाडजूड ओंडका असतो. सगळा भार त्या ओंडक्यावर. कुजायला सुरुवातही तिथूनच होते, कारण ओली माती आणि पानं तिथंच साठतात. अलीकडच्या टोकाचा ओंडका मी खाली उतरून, टोच्यानं टोचून बघितला. उत्तम. पलीकडचा राहिला होता. त्याच्यावर फळ्या ठोकलेल्या होत्या, त्या उचकटायला लागणार होत्या. तेवढ्यात घरातून काकूंनी जेवायला हाक मारली.

माझा पोळी-भाजीचा डबा गाडीत होता. मी नको नको म्हटलं. काकूंनी विचारलं, मांस खातोस का? मी नाही म्हटल्यावर त्यांनी शेगडीवरचं भांडं बाजूला सरकवलं आणि माझ्यासाठी वेगळं मक्याचं सूप केलं, बटाटे भाजले, घरचा पाव कापला. वर गोड म्हणून सफरचंदाचा 'ॲपल पाय'. मी खातोय की नाही हे बघत समोर बसून राहिल्या. या देशात येऊन मला तीन वर्षं झाली होती आणि इथल्या कुणी माणसानं मला घरात बोलावून जेवायला घातलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा त्या माउलीचा चेहरा असा फुलला!

जेवण झाल्यावर मी म्हटलं, "आता तेवढं पलीकडचं टोक बघून घेतो. फळ्या काढायला लागतील."

काका म्हणाले, "तिथलं काम मी स्वतः केलंय. माझ्या हातानं. कशाला उचकटतोस?"

इथंच घोडं पेंड खातं. माझ्या जागी इथला कुणी इंजिनिअर असता तर 'सॉरी, जॉब आहे' म्हणून पहार घेऊन गेला असता. मला ते जमेना. ज्या घरी पोटभर जेवलो, ज्या बाईनं माझ्यासाठी वेगळं शिजवलं, त्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर 'तुमच्या कामाची खात्री नाही' म्हणायचं? आमच्याकडे याला खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात, आणि माझ्यावर तर शब्दशः तीच वेळ आली होती. मी 'गुड, गुड' म्हटलं. गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला. दोन्ही टोकं तपासली, खूण. आठ टन. सही.

पेनाला टोपण लावतोय तोच गावाकडून शाळेची छोटी पिवळी बस आली आणि पुलात शिरली. फळ्या धडधडल्या, जाळी करकरली. बस पलीकडे निघून थांबली, काकांची आठ-नऊ वर्षांची नात उतरली, आणि बाकी पोरांना घेऊन बस पुढच्या वस्तीकडे गेली. दहा-अकरा तरी पोरं असतील. मागच्या काचेतून एकानं मला जीभ काढून दाखवली. आत्ता, या क्षणी पहार घेऊन परत जावं असं वाटलं. पण काका-काकू दारात उभे राहून हात हलवत होते. मीही हलवला आणि गाडी सुरू केली.

पुढचे तीन महिने माझा जीव टांगणीला होता. सकाळी साडेसात वाजले की घास घशाखाली उतरायचा नाही, कारण बस पुलावर असायची. दुपारी तीनला ऑफिसात उगीच उठून पाणी प्यायला जायचो. मग मनाची समजूत घालायची: इतकी वर्षं उभा आहे, काकांनी स्वतः काम केलंय, तू उगाच कुलूप ओढून बघणारा माणूस. साहेबाला सांगावं तर काय सांगावं? न बघता खूण केली म्हणून? फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून? मग ग्रीन कार्ड विसराच. बायकोलाही बोललो नाही. श्रूजबरीतल्या आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे एकेकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एका जुन्या डॉक्टर काकांना आडून आडून विचारलं की, एखाद्या तपासलेल्या गोष्टीची मागाहून शंका आली तर तुम्ही काय करता? छपराच्या पुलाची गंमत मी त्यांना आधी सांगितली होती; ते पुरी तोडत म्हणाले, "अरे यार, पूलच ना? शंभर वर्षं उभा आहे, तो काय तुझ्यासाठी पडायचा थांबलाय?" सगळे हसले. मीही हसलो. 'तपासलेल्या' या माझ्या शब्दातच खोट होती, ती त्यांना कुठून कळणार?

जानेवारीत चार-पाच दिवस हवा अचानक उबदार झाली. बर्फ वितळायला लागलं, रेडिओवर नद्या फुगल्याच्या बातम्या. मला राहवेना. दुपारी ऑफिसातून काकांच्या घरी फोन केला. एक माप विचारायचं राहिलं, असं निमित्त ठरवलं होतं. फोन काकूंनी उचलला. इतक्या खूश झाल्या! पुन्हा कधी येतोस जेवायला, म्हणाल्या. मी काकांना बोलवा म्हटलं.

"ते नातीला शाळेतून आणायला गेलेत."

"का? बस नाही का आज?"

"बस आहे ना. पण हल्ली हेच तिला सोडतात नि आणतात, मोठ्या रस्त्यानं वळसा घालून. पाऊण तास लागतो एका खेपेला! तू येऊन गेलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणतात, बसचा ड्रायव्हर वेंधळा आहे."

"मग बस आता पुलावरून येत नाही?"

"येते की. पुढच्या वस्तीवरची पोरं आहेत ना."

काकूंना काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं, त्या मला काकांच्या गुडघ्यांविषयी सांगत होत्या. मी कसाबसा फोन ठेवला. खरं तर त्याच मिनिटाला गावाच्या ऑफिसला फोन करून 'पूल बंद करा' म्हणायला हवं होतं. तीनदा रिसीव्हर उचलला आणि तीनदा ठेवला. आधी स्वतः जाऊन बघू, खात्री करू, कदाचित सगळं ठीक असेल आणि कुणाला काही सांगावंच लागणार नाही. अजूनही मी आधी स्वतःलाच वाचवत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो आणि उजाडता उजाडता पोचलो. पहार, हातोडी आणि गिरमिट घेऊन पूल चालत ओलांडला नि पलीकडच्या टोकाला खाली उतरलो. फळ्या उचकटल्या. समोर चांगली नवी कोरी, जाड फळी दिसली. तिच्यावर हातोडी मारली तर खणखणीत! क्षणभर जिवात जीव आला. मग गिरमिट लावून फिरवायला लागलो. दोन इंच जोर लागला, आणि नंतर एकदम काहीच लागेना. गिरमिट मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर त्याला चहाच्या चोथ्यासारखं काळपट, ओलं काहीतरी चिकटलेलं. दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्या ठिकाणी तेच. पूल त्या टोकाला ओंडक्यावर बसलेलाच नव्हता, एका फळीवर आणि देवाच्या भरवशावर उभा होता.

तेवढ्यात वस्तीकडून इंजिनाचा आवाज आला. बस वस्तीवरच मुक्कामाला असायची, सकाळी पोरांना घेऊन निघायची. मी चिखलातून हातापायांवर वर चढलो आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिलो. तोंडातून इंग्रजी फुटेना. "थांब! अरे थांब, थांब!" असं मराठीतच ओरडत होतो. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, बस माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्यानं काच खाली करून शिव्या घातल्या. मी नुसतं हातातलं गिरमिट पुढं धरलं. त्यानं ते बघितलं, पुलाकडे बघितलं. मग सावकाश बस मागे घेतली आणि मोठ्या रस्त्याला लागला. पोरं काचांना नाकं लावून हा काळा-सावळा, चिखलानं माखलेला वेडा माणूस बघत होती. बस दिसेनाशी झाली तसा मी तिथंच रस्त्यावर बसलो.

काका नातीला घेऊन गाडीकडेच निघाले होते. त्यांनी तिला घरात पाठवलं आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"तुम्ही म्हणालात, काम केलंय म्हणून," मी म्हटलं.

"पुढून फळी ठोकली होती. अख्खा ओंडका बदलायचं आता माझ्यानं होत नाही. मागे कितपत गेलंय ते मला माहीत नव्हतं. तू बघशील असं वाटलं होतं."

"तुम्हीच नको म्हणालात!"

"मी नको म्हणणारच. बापजाद्यांचा पूल आहे. बंद झाला की गाव पाडून टाकेल. पण तू कशाला ऐकलंस? तू बघितलं नाहीस, हे मी बघितलं."

"म्हणून नातीला बसमधून काढलंत?" माझा आवाज चढला. "आणि बाकीची पोरं?"

ते नदीकडे बघत म्हणाले, "एकीला मी न बोलता वळसा घालून नेऊ शकत होतो. बाकीच्यांसाठी तोंड उघडावं लागलं असतं."

त्यांच्याच स्वयंपाकघरातून मी गावाच्या ऑफिसला फोन केला, मग साहेबाला. साहेबाला सगळं सांगितलं, खोट्या खुणेसकट. त्यानं अर्धा तास माझी बिनपाण्यानं केली. त्या टोकाला का गेला नाहीस, हे पुन्हा पुन्हा विचारलं. 'त्यांच्याकडे जेवलो होतो' हे कारण इंग्रजीत सांगायला गेलो, तर वाक्य पूर्णसुद्धा करवेना. वर्षभर मला सही करायला दिली नाही, पण काढलं नाही. ग्रीन कार्डही उशिरा का होईना, आलं. पुलाचं म्हणाल तर गावाच्या सभेत दोन वर्षं भांडणं झाली, आणि शेवटी पाडण्याऐवजी दुरुस्त करायचं ठरलं. ओंडके नवे घातले, जुन्या खुंट्या तशाच ठेवल्या. काकांनी तेवढं बघितलं आणि मग गेले, असं काकूंच्या ख्रिसमसच्या कार्डावरून कळलं.

पण त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तेव्हा यातलं काही झालेलं नव्हतं. मी नुसता धुमसत होतो. बूटही न काढता स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि तीन महिने पोटात ठेवलेलं सगळं बायकोला सांगितलं. सांगताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. "काय माणूस म्हणायचा हा! स्वतःच्या नातीला गुपचूप काढून घेतलं, आणि दुसऱ्यांची पोरं रोज डोळ्यांसमोर पुलावर जाऊ दिली! याला काळीज आहे की दगड?"

ती भाजी चिरत होती. चिरता चिरताच म्हणाली, "अहो, नोव्हेंबरात एका रविवारी आपण तिकडं गेलो होतो ना, पूल बघायला?"

"गेलो होतो. मग?"

"पलीकडे जायचं म्हणून आपली पोरगी किती रडली. तुम्ही गाडी अलीकडेच ठेवलीत. चालतसुद्धा नेलं नाहीत तिला. फोटो इथूनच चांगला येतो, म्हणालात."

ती रागानं बोलली नव्हती. तिला आत्ता कुठं उलगडा होत होता. इतका वेळ हे मी तुम्हालाही सांगितलं नाही. त्या रविवारी रडणाऱ्या पोरीला उचलून गाडीत बसवलं, दार लावलं आणि गाडी परत वळवली, तेव्हा उद्या सोमवार आहे आणि साडेसातला बस जाणार आहे, हे मला चांगलं माहीत होतं.